चिकटलेलें कां सुटतें?

प्रत्येक गृहस्थाच्या घरांत एक खण असा असतो कीं, ज्यांत सुतळीचीं गुंडाळीं, अर्ध्या जळालेल्या मेणबत्त्या, कोणत्या कुलुपाच्या हें कोणासहि न आठवणाऱ्या किल्ल्या आणि कोठल्या ना कोठल्या चिकटद्रव्याची एक अर्धवट वाळलेली नळी हटकून सांपडते. त्या नळीवर बारीक अक्षरांत कांहीं आंकडे छापलेले असतात व त्यांतला एक उष्णतेचा असतो. अमुक अंशांपर्यंत ताप सोसतें, असें तें अभयवचन. आमच्या वाचकवर्गापैकीं एका चौकस भगिनींनीं विचारलें आहे कीं, शंभराहून अधिक अंश सोसणारें म्हणून मुद्दाम आणविलेल्या द्रव्यानें चिनी मातीच्या किटलीची मूठ जोडली. ती भर वैशाखांत टिकली, आणि श्रावणांत चहा ओततांना मूठ तेवढी हातांत राहून किटली खालीं आली. तर मग तो आंकडा खोटा समजावा काय?

आमचें उत्तर असें कीं, आंकडा खोटा नसेल, पण अपुरा खचित आहे. ताप किती, एवढेंच तो सांगतो. तो ताप कोरड्या हवेंतला, दमट हवेंतला, वाफेंतला, कीं जेथें हवाच नाहीं अशा ठिकाणचा, याविषयीं तो मौन धरतो. आणि चिकटद्रव्याच्या आयुष्याचा निकाल पुष्कळदां या दुसऱ्या प्रश्नावरच लागतो. आज याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. विषय दिसण्यांत डिंकाइतका क्षुल्लक आहे खरा. परंतु उकळत्या किटलीच्या खालीं रांगतें मूल असेल, तर तो क्षुल्लक राहत नाहीं.

अभयवचनाची ही चाल तशी जुनीच आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत ‘वज्रलेप’ नांवाच्या लेपाची कृति दिली आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चीं कवठें, सांवरीचीं फुलें इत्यादि जिन्नस पाण्यांत उकळून तो काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवावयाचा, त्यांत राळ, गुग्गुळ वगैरे कालवावयाचीं, आणि तो लेप तापवून देवालयें, मूर्ति, भिंती व विहिरी यांस लावावयाचा. तो कोटि वर्षें टिकतो, अशी ग्वाही ग्रंथकारानें दिली आहे. मुदत सांगितली आहे. मात्र कोणत्या हवेंत, ही अट तेथेंहि जोडलेली नाहीं!

मुळाशीं जावयाचें म्हणजे उष्णता चिकटद्रव्याचें दोन प्रकारांनीं वांकडें करते, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. थिजलेलें तूप चुलीजवळ ठेवलें म्हणजे पातळ होतें आणि दूर नेलें म्हणजे पुन्हा थिजतें. त्या तुपाचें तूपपण कोठें जात नाहीं. पण तेंच तूप कढईंत फार वेळ ठेवलें म्हणजे जळतें, काळें पडतें, व मग कितीहि थंड केलें तरी पूर्वपदावर येत नाहीं. चिकटद्रव्याचेंहि असेंच आहे. लाख उष्णतेनें मऊ होते व निवली कीं कठीण होते. हा पहिला प्रकार. परंतु बराच काळ अतिताप सोसून द्रव्याच्या लांबच लांब अणुशृंखला तुटूं लागल्या, म्हणजे जोड कायमचा गेला. हा दुसरा प्रकार. भोंवतालची हवा या दोन्ही प्रकारांत ढवळाढवळ करते. प्राणवायु मुख्यतः दुसऱ्या प्रकारांत, आणि पाण्याची वाफ मुख्यतः पहिल्या प्रकारांत, प्रसंगीं दुसऱ्यांतहि.

आधीं प्राणवायूचें पाहूं. लोणारी कोळसा पाडतो तेव्हां लांकडांची रास रचून ती मातीनें लिंपतो. आंत ताप भयंकर असतो, तरी लांकडाची राख होत नाहीं. कोळसा होतो, आणि कित्येकदां ओंडक्याची रेघन् रेघ त्यांत कायम राहते. लिंपण फुटून वारा आंत शिरला तर मात्र सकाळीं हातीं राखच यावयाची. लांकूड तेंच, आंच तीच. फरक केला तो हवेनें. आपल्या भोंवतालच्या कोरड्या हवेंत सुमारें ७८ टक्के नत्रवायु व २१ टक्के प्राणवायु असतो. यांपैकीं नत्रवायु बापडा अशा कामीं उदासीन असतो. प्राणवायु मात्र तापलेल्या सेंद्रिय पदार्थांशीं संबंध जोडावयास सदैव उत्सुक. आणि आजचीं बहुतेक चिकटद्रव्यें, मग तीं झाडाचीं असोत, जनावराच्या कातड्याचीं असोत, वा कारखान्यांतलीं असोत, सेंद्रियच आहेत.

रसायनशास्त्रज्ञ याची परीक्षा मोठ्या सुबक रीतीनें करितात. एका नाजूक तराजूचें पारडें लहानशा भट्टींत ठेवून त्यावर द्रव्याचा कण ठेवितात, ताप क्रमाक्रमानें चढवितात, आणि वजन कधीं घटूं लागतें तें पाहतात. हाच प्रयोग एकदां भट्टींत नत्रवायु सोडून व एकदां साधी हवा सोडून केला, तर एकाच द्रव्याच्या दोन निराळ्या कुंडल्या मिळतात. नत्रवायूंत पुष्कळ काळ तग धरणारें द्रव्य त्याच तापांत हवेमध्यें लवकर झिजतांना आढळतें. म्हणून विद्वान् मंडळी नुसतें उष्णतामान सांगून थांबत नाहींत. प्रयोग कोणत्या वायूंत केला, तेंहि आंकड्याशेजारीं नोंदवितात. दुकानांतल्या नळीवर नेमका हाच शब्द गाळलेला असतो.

येथें कोणी म्हणेल कीं, दोन पत्र्यांच्या मध्यें दाबलेल्या लेपाला हवा लागते कोठें? शंका रास्त आहे. धातूच्या पत्र्यांतून प्राणवायु आरपार जात नाहीं. तो जोडाच्या कडांनीं आंत शिरतो. त्यामुळें तापलेला जोड बहुधा तव्यावरच्या थालिपीठासारखा कडांकडून करपत जातो व मध्यभाग बराच काळ शाबूत राहतो. यावरून कारागिरानें घ्यावयाचा बोध उघड आहे. रुंद व भरगच्च जोड अरुंद जोडापेक्षां अधिक टिकतो, तो केवळ आकारानें मोठा म्हणून नव्हे, तर त्याचें अंतरंग हवेपासून दूर राहतें म्हणूनहि.

पण प्राणवायु एकटा नसतो; त्याला घरभेदी मिळतो. गेल्या शतकांतील १९५० नंतरच्या दशकांत अतिवेगवान् विमानांसाठीं उष्णता सोसणारे जोड हवे झाले, तेव्हां अमेरिकेंत विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळेंत या प्रश्नावर बरेंच काम झालें. त्या सुमाराच्या अभ्यासांतून असें दिसून आलें कीं, फिनॉलिक व एपॉक्सी राळांचें एकच चिकटद्रव्य अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर जितकें टिकतें, तितकें न गंजणाऱ्या पोलादावर टिकत नाहीं. ताप तोच, हवा तीच, मग हें कसें? कारण पोलादांतील लोखंड प्राणवायूच्या या व्यापाराला चालना देतें. कळलाव्या माणूस दोन घरांत भांडण लावून देतो आणि स्वतः ओटीवर निवांत सुपारी कातरीत बसतो, तसें लोखंड स्वतः फारसें खर्चीं न पडतां द्रव्य आणि प्राणवायु यांची जुंपवून देतें. हें इतकें त्रासदायक ठरलें कीं, कांहीं उच्चतापसह चिकटद्रव्यांत सोमलाचीं संयुगें मिसळून या कारवाईस आळा घालावा लागे. सोमल विषारी, म्हणून पुढें त्यावांचूनचे प्रकार निघाले.

आतां वाफेकडे वळूं. किटलीच्या खटल्यांतील मुख्य आरोपी तीच आहे. दोन नळ्यांतील द्रव्यें कालवून लावावयाचें तें एपॉक्सी आतां बहुतेक घरांत परिचित झालें आहे. असें द्रव्य एका विवक्षित उष्णतामानाला आपला काचेसारखा ताठपणा सोडतें व चिवट, मऊ होऊं लागतें. घरच्या साध्या हवेंतच आळलेल्या पुष्कळशा एपॉक्सींची ही सीमा ५० ते ७० अंश सेंटिग्रेडच्या आसपास असते. खास बनविलेल्यांची बरीच वर असते. परंतु एपॉक्सी हें पाणी पिणारें द्रव्य आहे. उघड्या डोळ्यांस तें दिसत नाहीं. पण दमट हवेंत किंवा रोजच्या धुण्यांत त्याच्या वजनाच्या टक्का-दोन टक्के पाणी त्यांत सहज मुरतें. स्थूलमानानें असा हिशेब सांगतात कीं, एक टक्का पाणी मुरलें म्हणजे ती सीमा सुमारें २० अंशांनीं खालीं येते. आतां आमच्या भगिनींची किटली घ्या. समजा, द्रव्याची सीमा कोरडेपणीं ११० अंश होती. दोन टक्के पाणी मुरलें. ती ७० वर आली. ओतावयाचा चहा असतो ८०-९० अंशांचा. वैशाखांत जो जोड चहापेक्षां बलवान् होता, तो श्रावणांत चहापेक्षां दुबळा झाला, आणि नळीवरचा आंकडा मात्र जागच्या जागीं ११०! शिवाय चिनी माती व कांच यांना पाण्याची ओढ मोठी. पाणी जोडांत शिरून हळूहळू द्रव्याला पृष्ठभागावरून उठवितें आणि त्याची जागा स्वतः घेतें. कोरडी उष्णता आणि ओली उष्णता या दोन निराळ्या परीक्षा आहेत. एकींत पहिला आलेला विद्यार्थी दुसरींत नापास होऊं शकतो.

क्षणार्धांत चिकटणाऱ्या सायनोअॅक्रिलेटची कथा तर याहून गमतीची. तें हवेंतील व पृष्ठभागावरील ओलाव्यानेंच आळतें. ओलावा हाच त्याचा जन्मदाता. आणि पुढें ओल्या उष्णतेंतच तें लवकर हार खातें. साधे प्रकार ८० अंशांच्या पुढें भरंवशाचे नव्हेत.

जुन्या कारागिरांना हा भेद पुस्तकावांचून ठाऊक होता. तंतुवाद्यें करणारे सांध्यांना जनावराच्या कातड्याचा सरस लावीत. कोरड्या हवेंत सरस दगडासारखा असतो. गरम ओलावा लागला कीं विरघळूं लागतो. यास्तव तंबोरा पावसाळ्यांत गवसणींत घालून कोरड्या जागीं ठेवावा, असा दंडक असे. आणि हाच दोष दुरुस्तीच्या वेळीं गुण होई. कोमट पाण्यानें व वाफेनें सांधा उकलतां येतो, लांकूड फोडावें लागत नाहीं. म्हणजे हवेपुढें नमणें हा सर्वत्र दुर्गुणच असतो असेंहि नाहीं. कोठें नमावयाचें आहे, हें माहीत पाहिजे.

तें माहीत नसलें किंवा त्याचा भलताच अर्थ लाविला, तर काय होतें याचें एक उदाहरण आपल्याच देशांत घडलें आहे. दुसऱ्या महायुद्धांतील इंग्रजांचें ‘मॉस्किटो’ विमान लांकडाचें होतें. बर्चच्या पातळ फळ्यांच्या मध्यें बाल्साचें हलकें लांकूड घालून त्याचें शरीर चिकटवीत. प्रथम दुधांतील केसीनच्या सरसानें, पुढें युरिया व फॉर्मल्डिहाइड यांच्या कृत्रिम राळेनें. तें पहिल्यानें उडालें १९४० च्या नोव्हेंबरांत. १९४४ च्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांत यांतील कांहीं विमानें आकाशांतच मोडलीं, वैमानिक प्राणांस मुकले, आणि नोव्हेंबरांत येथील मॉस्किटो विमानांचें उड्डाण थांबवावें लागलें. संशय अर्थातच येथल्या उष्ण व दमट हवेवर आला. विमानें बांधणाऱ्या कंपनीच्या पाहणी मंडळानें म्हटलें कीं, सरस बिघडलेला नाहीं, पावसाळी हवेंत सांगाडा आकसला. त्यानंतरच्या चौकशींत मात्र दोष बांधणीचाच ठरला, आणि इंग्लंडांतील तपासणींतहि तिकडेच बांधलेल्या विमानांत तसलेच दोष आढळले. आम्हांस या प्रकरणाचें महत्त्व असें वाटतें कीं, हवा ही परीक्षक आहे. परीक्षकानें नापास केलें म्हणून अभ्यास न केल्याचा दोष त्याच्या माथीं मारतां येत नाहीं. कच्च्या जोडाला हवा निमित्त होते, आणि निमित्ताच्या आड कारागिराची हयगय लपूं शकते. दोहोंचा निवाडा पुराव्यानेंच करावा लागतो.

सुताराच्या दुकानांत आज हा धडा नियमरूपानें उतरला आहे. युरियाच्या राळेनें जोडलेलें साधें प्लायवुड ओल्या उष्णतेंत पदर सोडतें. फिनॉलच्या राळेनें जोडलेलें सोडीत नाहीं. म्हणून सागरी प्लायवुडासाठीं असलेल्या ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकांत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्याची कसोटी देऊन तपासावा, असें सांगितलें आहे. पाहा, येथें नुसता ‘इतके अंश’ असा शब्द नाहीं. पाणी, उकळी आणि वेळ, तिन्ही स्पष्ट आहेत. परीक्षा अशी असावी. स्वयंपाकघरांतील मोरीखालचें कपाट करवून घेणाऱ्या गृहस्थानें रंग व मुलामा पाहण्यापूर्वीं ही खूण पाहावी.

यावरून कोणी असा सिद्धांत काढील कीं, हवेला जितकें दूर ठेवावें तितकें बरें. तोहि सरसकट खरा नाहीं. सिलिकोन जातीचीं चिकटद्रव्यें प्राणवायूला बऱ्यापैकीं दाद देत नाहींत व उघड्यावर २०० अंशांचा तापहि दीर्घकाळ सोसतात. पण तींच चोहोंकडून बंद केलेल्या जागीं तापविलीं, तर आंत कोंडलेला ओलावा व उरलेलीं इतर द्रव्यें बाहेर जाऊं न शकल्यामुळें त्यांच्या शृंखला उलट तुटूं लागतात आणि घट्ट द्रव्य पुन्हा लिबलिबीत होतें. उलट अंतराळांत हवाच नाहीं. तेथें प्राणवायु जाळीत नाहीं कीं वाफ भिजवीत नाहीं. पण निर्वातांत द्रव्यांतील हलके अंश उडून जातात आणि यानाच्या दुर्बिणींच्या थंड कांचांवर त्यांची पुटें बसतात. म्हणून यानांतील चिकटद्रव्याची जी प्रसिद्ध अमेरिकन कसोटी आहे, तींत तें १२५ अंशांवर २४ तास निर्वातांत ठेवितात. वजन एक टक्क्याहून अधिक घटतां कामा नये, आणि थंड पट्टीवर जमणारा अंश एक दशांश टक्क्याच्या आंत असावा लागतो. ज्याची कर्मभूमि जशी, त्याची कसोटी तशी.

आतां घरगुती निष्कर्ष. ज्या वस्तूचा जोड सुटला असतां कोणाच्या अंगावर उकळता पदार्थ सांडेल, ती वस्तु चिकटवून वापरूं नये. किटलीची मूठ, गरम दुधाच्या भांड्याचा दांडा, मोठ्या पेल्याचा कान, यांना कितीहि मोठ्या आंकड्याचें द्रव्य लावलें तरी वाफ व रोजचें धुणें यांपुढें त्या आंकड्याचा भरंवसा नाहीं. रिव्हेट ठोकून घ्यावी, स्क्रू बसवावा, नाहींतर जुन्या किटलीला मनोभावें निरोप द्यावा. घरांत वडील मंडळी काटकसर म्हणून जोडकाम करितात व ओतावयाचें काम सुनांच्या आणि नातींच्या वांट्याला येतें. तेव्हां काटकसरीचा धोका कोण पत्करतो, याचाहि विचार कर्त्या पुरुषांनीं करावा. ज्या जागीं अन्नाचा स्पर्श होईल तेथें तर असलीं द्रव्यें नकोतच. आणि चिकटवलेली वस्तु विस्तवावर धरून सांधा सोडवूं नये. सायनोअॅक्रिलेटची वाफ डोळ्यांस व नाकास झोंबते. इतर ठिकाणीं द्रव्य घेतांना दुकानदारास तीन प्रश्न विचारावे. ताप किती? किती वेळ? आणि कोणत्या हवेंत? तिसऱ्या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळणार नाहीं. पण न मिळालेलें उत्तरहि कांहीं शिकवून जातें.

शेवटीं, ज्या जोडाला विस्तव कधीं दिसत नाहीं, त्याविषयीं दोन शब्द. प्राणवायूचें काम भट्टींतच चालतें असें नाहीं. माळ्यावरच्या पत्र्याखालीं तापणाऱ्या पेटींतहि तें चालतें, फक्त तासांऐवजीं वर्षें लागतात. आजोबांचें पत्र, जुनी जन्मपत्रिका, जमिनीचें खरेदीखत फाटलें कीं आपण त्यावर पारदर्शक चिकटपट्टी मारतों. साध्या पट्टीचा चिकटा प्रथम तेलकट होऊन कागदांत उतरतो, मग प्राणवायूनें पिवळा पडून ठिसूळ होतो. पट्टी गळून पडते आणि डाग मात्र अक्षरांवर कायम राहतो. उष्णतेनें हा क्रम झपाट्यानें होतो. कागद जतन करणारे तज्ज्ञ आजहि अशा कामीं गव्हाच्या सत्त्वाची शुद्ध खळ व पातळ जपानी कागद वापरतात. ती जोडणी पुढें पाण्यानें सोडवितांहि येते. आपल्याकडचे पुस्तकें बांधणारे कीड लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालीत. तेवढें मात्र घरच्या दप्तरासाठीं टाळावें. मोरचुदांतील तांबें कागदाच्या बाबतींत तेंच करतें, जें लोखंड एपॉक्सीच्या बाबतींत करतें. दप्तराची पेटी माळ्यावरून खालीं आणून घराच्या मधल्या खोलींत, थंड व कोरड्या जागीं ठेवावी. या कामाला खर्च कांहींच नाहीं, आणि येत्या उन्हाळ्यापूर्वीं तें सहज उरकण्यासारखें आहे.